निमंत्रित बाद

आमच्या घराण्यातला पदवी घेतलेला पहिला माणूस मी. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं. बी.एस्सी., वनस्पतिशास्त्र, पहिला वर्ग. वडिलांनी पदवीला चौकट करून ती ओटीवर देवांच्या फोटोंच्या ओळीत लावली आणि गुरुवारी देवांना हार घालताना तिलाही एक फूल खोचायला लागले. मी 'कशाला हे' म्हणायचो, पण फूल कधी काढलं नाही.

घोडेगावच्या खालच्या अंगाला आमचं गाव. मी एका रोपवाटिकेत सुपरवायझर आहे. टोमॅटोची, फ्लॉवरची, झेंडूची रोपं ट्रेमध्ये वाढवायची आणि शेतकऱ्यांना द्यायची. कामावरून घरी आलो की दारात कुणीतरी कागद घेऊन बसलेलं असायचं. सातबाऱ्यावरची चूक, पीकविम्याचा मेसेज, पोराच्या दाखल्यावर चुकलेलं आडनाव. "आपल्यात शिकलेला तूच हायेस राव," म्हणायचे. हे वाक्य कानावर आलं की मला नाही म्हणता यायचं नाही. अजूनही येत नाही.

बायको आहुप्याची. डिंभ्याच्या धरणाच्या पार वर, जिथं रस्ता संपतो आणि पुढं नुसता कडा आहे, तिथली. बारावी झालेली, लग्नानंतर बाहेरून बी.ए. करत होती. पहाटे चुलीपुढं पुस्तक घेऊन बसायची. मला त्याचाही अभिमान होता. आमच्या घरात दुसरी पदवी येणार, तीही माझ्यामुळं, असं मी धरून चाललो होतो.

त्या वर्षी आषाढात पुण्याचे माझे दोन कॉलेजमित्र घरी आले. ती चहा घेऊन आली. एकानं सहज विचारलं, वहिनी, तुमच्याकडं पाऊस फार असेल ना? ती खुलून सांगायला लागली, "लई. पावसात शाळा म्हंजी अवघडच व्हतं. वढ्याला पाणी आलं का मास्तर पलीकडं आन् आमी अलीकडं."

मी म्हणालो, "होतं. व्हतं नाही. आणि ओढा."

मित्र हसले. "घरीच ट्यूशन चालू आहे का रे?" मीही हसलो आणि वर म्हणालो, "बी.ए. करतेय, पण भाषा अजून डोंगरातच आहे."

एवढंच. मी स्वतः आईशी बोलताना 'व्हतं'च म्हणतो, हे त्या वेळी डोक्यातही आलं नाही. ती कप गोळा करून आत गेली. मित्र जेवून गेले आणि जाताना स्वयंपाकाची तारीफ करून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला म्हणाली, "आपले पाणी तापले आहे."

मला वाटलं, गंमत करतेय. जेवताना म्हणाली, "भाजीत मीठ कमी असल्यास सांगावे." रात्री म्हणाली, "दिवा मालवू का, की आपण अजून वाचणार आहात?" आईशी, वडिलांशी, शेजारणीशी ती नेहमीसारखीच बोलायची. फक्त माझ्याशी अशी. एकही शब्द चुकायचा नाही, एकही मात्रा हलायची नाही. दोन दिवस झाले, आठवडा झाला, तीन आठवडे झाले.

आई म्हणायची, "आरं, ही तुझ्याशी बातम्या दिल्यावानी का बोलती?"

काय सांगणार? नीट बोल, असं तिला म्हणायची सोयच राहिली नव्हती. ती नीटच बोलत होती, माझ्यापेक्षा नीट. घरात पाय टाकला की मला परीक्षेच्या खोलीत बसल्यासारखं व्हायचं. मीच जपून बोलायला लागलो. मग कमी बोलायला लागलो.

नागपंचमीला तिचा धाकटा भाऊ तिला न्यायला आला. आमच्यात तशी रीतच आहे, चार-पाच दिवस राहायचं आणि परतायचं. पिशवी उचलताना ती दारात थांबली. "मी माहेरी जात आहे. परत केव्हा येईन, ते आता सांगता येणार नाही."

तिचा भाऊ माझ्याकडं बघत राहिला. त्यानं बहिणीला असं बोलताना जन्मात ऐकलं नसणार.

पाच दिवसांचे पंधरा झाले. आहुप्याला फोनला रेंज नाही. कड्याच्या टोकाला एका दगडावर उभं राहिलं तर कधीमधी येते. माझ्या मेसेजपुढं एकच टिक यायची आणि तशीच राहायची. गौरी-गणपती आले. आईनं गौरी एकटीनंच बसवल्या. हळदीकुंकवाला येणारी प्रत्येक बाई आधी गौरीकडं बघायची, मग आतल्या खोलीकडं.

"जा आन् घिऊन ये," आई म्हणाली.

"काय म्हणून जाऊ? मी काय चुकीचं बोललो? 'होतं' हाच शब्द बरोबर आहे."

वडील सुपारी कातरत बसले होते. "शब्द बराबर हाय रं. त्याला कोन न्हाई म्हनतंय?"

आणि पुन्हा अडकित्ता चालवायला लागले. मला ते शिवीपेक्षा जास्त लागलं.

मी गेलो तर चूक माझी, हे कबूल केल्यासारखं होणार. शिवाय तिकडून बोलावणं नसताना गेलेल्या जावयाकडं लोक कसे बघतात, ते मी दुसऱ्यांच्या घरी पाहिलेलं. ते बोलावत नव्हते, मी जात नव्हतो, ती येत नव्हती. रोपवाटिकेत झेंडूचे ट्रे मोजताना मधेच मला आठवायचं, की आपण घरी जाणार आणि घरात कुणीच काही विचारणार नाही. मग मी मोजलेलं विसरायचो आणि पहिल्यापासून मोजायचो.

अशात गावातल्या मंडळाची पोरं माझ्याकडं आली. आमच्याकडं मैदान म्हणजे शाळेमागचं गायरान. दसरा झाला की ते क्रिकेटवाले धरतात आणि गावच्या जत्रेपर्यंत सोडत नाहीत. फुटबॉलला वाली पावसाळ्यातच, कारण चिखलात चेंडू टप्पा घेत नाही आणि क्रिकेटवाले फिरकत नाहीत. दिवाळीनंतर तालुक्याचे सामने होते. त्याआधी आपल्या संघाचा कस लागावा, असं पोरांना वाटत होतं.

मी म्हणालो, "मोठे क्लब काय करतात, मोसम सुरू व्हायच्या आधी बाहेरचे संघ बोलावतात, चार सामने खेळतात. त्याला प्री-सीझन म्हणतात."

"मराठीत सांगा ना सर. फ्लेक्सवर टाकायचंय."

"पूर्वमोसमी."

"म्हंजी वळीव? आवो, पाऊस संपत आला आता!"

सगळे हसले. पण शब्द मी दिला होता, तो पक्का झाला. आणि हसता हसता माझ्या डोक्यात दुसरंच काहीतरी शिरलं. माझा मेहुणा, तिला न्यायला आलेला तोच, आहुप्याच्या संघाचा कॅप्टन होता. आश्रमशाळेत एकत्र शिकलेली ती सगळी पोरं, पायानं तयार. त्यांना बोलावायचं. नुसत्या संघाला नाही, घरच्यांना धरून बोलावायचं. ती भावाचा सामना बघायला येईल. खाली आली की मैदानापासून आमचं घर तीनशे पावलांवर. आई तिला चहाला नेणारच. मग कोण कुणाला आणायला गेलं, हा प्रश्नच उरत नाही. कुणी वाकलं नाही आणि माणूस घरात.

हा डाव मला इतका हुशारीचा वाटला, की मी त्याच दिवशी स्पर्धेचा सचिव, नियमावली करणारा आणि पंच व्हायला तयार झालो. तसंही ऑफसाइड म्हणजे काय हे गावात मला एकट्यालाच ठाऊक होतं.

आठ संघ, दोन दिवस, सात-सात खेळाडू. हरला तो बाद. तारखा पितृपंधरवड्यातल्या मिळाल्या, कारण त्या दिवसांत दुसरं कुणी काही सुरू करत नाही. पत्रिका टाइप करून देणाऱ्याचं दुकानही त्या दिवसांत मोकळंच. लग्नाच्या पत्रिका नाहीत, वास्तुशांती नाही, माणूस माश्या मारत बसलेला. मी त्याला मजकूर सांगितला. "आहुप्याच्या पत्रात शेवटी एक ओळ जास्तीची टाक. सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहावे."

"फक्त आहुप्याला?"

"फक्त आहुप्याला. लांबून येणार आहेत."

त्यानं लग्नपत्रिकेच्या जुन्या फायलीतून ती ओळ उचलली, पत्रात चिकटवली आणि वरचं नाव बदलून तेच पत्र सातही संघांसाठी छापलं. मी घाईत वरची नावं तेवढी तपासली, पाकिटं बंद केली आणि पाठवून दिली.

फ्लेक्स लागला तेव्हा शेजारचे चुलते काठी टेकत त्याच्याखाली उभे राहिले. मोठ्यानं वाचलं, "पूर्वमोसमी निमंत्रित बाद फुटबॉल स्पर्धा." पुन्हा वाचलं. मग मला हाक मारली.

"निमंत्रित बाद? आवतान दिऊन बाद करता व्हय रं?"

"तात्या, तो एक शब्द नाही. निमंत्रित वेगळं, बाद वेगळं. बाद म्हणजे जो हरला तो घरी."

"घरी म्हंजी, जेवायच्या आदी का जेवल्यावर?"

"जेवणाचा काय संबंध?"

"तू आवतान दिलंस ना? मग झाला की संबंध. पावण्याला बोलवायचं आन् तासाभरात चल ऊठ म्हनायचं, ही कुठली रीत? तुमच्या कालेजातली का?"

मी त्यांना समजावत बसलो. बाद पद्धत, उपांत्य फेरी, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बघ बाबा. तू शिकलेला."

शुक्रवारी चिठ्ठ्या टाकल्या. शाळेच्या शिपायानं डबा हलवला, सगळ्यांसमोर. पहिलाच सामना निघाला आमचं गाव विरुद्ध आहुपे. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी हिशोब केला. आहुपे हरलं तर चाळीस मिनिटांत पिकअपमध्ये बसून निघून जाणार. जिंकलं तर रविवारीही येणार. तात्यांचा प्रश्न तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरला.

शनिवारी सकाळी येडगावचा टेम्पो आला आणि त्यातून चाळीसेक माणसं उतरली. बाया, पोरं, एक आजीबाई खुर्चीसकट. निरगुडसरची माणसं दोन जीप भरून. मंडळाचा अध्यक्ष धावत माझ्याकडं आला. "सर, ही लोकं जेवायचं कुठंय इचारत्यात! मिसळ सत्तर जनांची सांगितलीय!" येडगावच्या कॅप्टननं पत्र उघडून दाखवलं. सहकुटुंब सहपरिवार. "आमी म्हनलं, एवढ्या मायेनं बोलावलंय तर जाऊ समदी."

माझं त्याच्याकडं लक्षच नव्हतं. मी रस्त्याकडं बघत होतो. आहुप्याची पिकअप आली, मागचं फळकं पडलं. एकेक जण खाली उडी मारत होता आणि मी पुढच्याकडं बघत होतो. अकरा पोरं आणि दोन म्हातारे. बस्स.

मेहुणा शेवटी उतरला. "दाजी, कुनाला हुडकताय? गोलकीपर पुढं बसलाय."

"नाही, सहजच. घरचे कुणी आले नाहीत?"

त्यानं खिशातून पाकीट काढलं. "ताईनं दिलंय."

आत माझंच पत्र होतं. तिनं ते लाल पेनानं तपासलं होतं. 'सहकुटूंब' मधला दीर्घ ऊ गोल करून ऱ्हस्व केला होता. 'उपस्थीत' दुरुस्त केलं होतं. 'आपणांस' वरचं टिंब योग्य आहे, अशी बरोबरची खूणसुद्धा होती. खाली काही लिहिलं नव्हतं. मार्कही दिले नव्हते.

दुकानदारानं टाइप केलं होतं खरं, पण तपासलं मी होतं. मी ते पत्र घडी घालून खिशात ठेवलं आणि शिट्टी गळ्यात घातली. दुसरं काय करणार? मैदानावर दीड-दोनशे माणसं होती आणि पंच एकच होता.

सामना सुरू झाला. रात्री सर पडून गेलेली, गोलच्या तोंडाशी पाणी साचलेलं. आमची पोरं नवे स्टडवाले बूट घालून घसरत होती. आहुप्याची पोरं साध्या रबरी बुटांत चिखलातून अशी पळत होती, जशी रोजच्या वाटेनं चाललीत. तरी गोल आमचा झाला. चेंडू खांबाला लागून त्यांच्याच एकाच्या पाठीवर आदळला आणि आत गेला. गावानं मैदान डोक्यावर घेतलं. एक-शून्य.

दुसरा अर्धा संपत आला. घड्याळ माझ्या मनगटावर होतं, म्हणजे किती मिनिटं उरलीत हे फक्त मला माहीत होतं. तीन. दोन. दर मिनिटाला मला दिसत होतं, की ही पिकअप आता फळकं लावून वर जाणार. मग दसरा, मग दिवाळी. आणि घरी आई पाडव्याचं ताट एकट्याच्या पुढं ठेवणार.

मेहुण्यानं डावीकडून चेंडू उचलून मारला. तो आमच्या पोराच्या खांद्याला लागला. खांद्यालाच. मी चार पावलांवर होतो, मला स्वच्छ दिसलं. आणि मी शिट्टी मारली, हात वर केला आणि पेनल्टीच्या खुणेकडं बोट दाखवलं.

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग सगळं गाव उठलं.

"आवो सर, खांदाय तो! खांदा!"

"सासुरवाडीची पेनल्टी!"

"बायकोनं निरोप धाडला का वं?"

आमचा कॅप्टन माझ्या तोंडापाशी येऊन ओरडत होता. मी त्याला पिवळं कार्ड दाखवलं. आयुष्यात इतकं खोटं काम मी हातानं कधी केलं नव्हतं, आणि ते किती सहज जमलं, हे मला आजही खटकतं.

मेहुण्यानं चेंडू उचलला, शर्टाला पुसला, खुणेवर ठेवला. मागं सरला. गोलकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. मग हळू चालत आला आणि चेंडूला पायाच्या चवड्यानं असं ढकललं, जसं कोंबडीला बाजूला सारतात. चेंडू लोळत लोळत आमच्या गोलकीपरच्या हातात गेला.

"घ्या," तो म्हणाला. आणि माझ्याजवळून जाताना हळूच, "दाजी, ताटात वाढून दिलेला गोल आमी खात न्हाई."

मी सामना संपल्याची शिट्टी दिली. गावातलं कुणी टाळ्या वाजवायला विसरलं, कुणी शिव्या द्यायला. आहुप्याची पोरं पाय धुऊन, बूट पिशवीत भरून पिकअपकडं निघाली. आई मैदानाच्या कडेला उभी होती. "जेवून जा रं बाळांनो," म्हणत होती. एक म्हातारा हात जोडून म्हणाला, "न्हाई बाई, आमी बाद झालो ना. कायदाच हाय तसा."

अध्यक्ष माझा दंड धरून ओढत होता. "सर, येडगाव-निरगुडसर उभं राहिलंत. चला. तुमच्याबिगर मॅच कोन घेनार?"

हे वाक्य मी इतकी वर्षं ऐकत आलो होतो, निरनिराळ्या कागदांसाठी. तुमच्याबिगर कोण. मी शिट्टी गळ्यातून काढून त्याच्या हातावर ठेवली.

"आवो, ऑफसाइड कोन बघनार?"

"कुणी बघू नका," मी म्हणालो आणि पिकअपचं फळकं लावायच्या आत मागं चढलो.

कुणी मला या म्हटलं नाही, उतराही म्हटलं नाही. दोघं जरा सरकले. मेहुणा पुढं ड्रायव्हरशेजारी, मान सरळ ठेवून. धरण मागं पडलं, वळणं सुरू झाली, तसा एकानं घसा खाकरला. "सर, ते ऑफसाइड म्हंजी नेमकं काय वं?" मग अर्धा घाट मी त्यांना ऑफसाइड समजावत होतो. पिकअपच्या पत्र्यावर बोटानं रेघा ओढून. त्यांना पटकन कळलं. आमच्या गावाला अख्ख्या पावसाळ्यात कळलं नव्हतं.

घरी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. सासरे अंगणात शिंकाळं विणत होते. मला बघून उठले. "या, जावईबापू." आश्चर्य नाही, राग नाही. लगेच पाय धुवायला ऊन पाणी आलं, टॉवेल आला, ओटीवर घोंगडी आली. मामी, म्हणजे सासूबाई, डोक्यावर पदर घेऊन "बरं हाय ना?" विचारून गेल्या. बघता बघता सगळा संघ, संघाचे बाप आणि शेजारची चार घरं ओटीवर जमली. पाट मांडला. ताट आलं. तांदळाची भाकरी, हुलग्याचं कालवण, मिरचीचा ठेचा.

आणि मी अडकलो. जावयाला आग्रह. "घ्या, घ्या. लाजू नगा." स्वयंपाकघराच्या दारातून भाकरी धरलेला हात यायचा, मामी ती घेऊन माझ्या ताटात टाकायच्या. हात तिचा होता. बांगड्या मी ओळखत होतो. तिच्याशी दोन शब्द एकट्यानं बोलायला मिळतील, म्हणून मी एवढ्या लांब आलो होतो, आणि इथं मला उठूही देत नव्हते. चौथी भाकरी पडली.

मेहुण्यानं सगळ्यांना सामना सांगायला घेतला. "आन् मंग दाजींनी दिली की पेनल्टी!" ओटी हसली. "खांद्याला लागलाय बॉल, आन् दाजी म्हनत्यात हात!"

आतून आवाज आला. "कशापायी?"

दीड महिन्यानंतर मी तिचा आवाज ऐकत होतो.

"तुम्ही जिंकला असता तर उद्याही यावं लागलं असतं," मी दाराकडं बघून म्हणालो. "उद्या तरी तू बघायला येशील, असं वाटलं."

सासऱ्यांनी सुपारीचा तुकडा तोंडात न टाकता हातातच धरला. मला वाटलं, आता नाही बोललो तर हे ताट उचलतील, हात धुवायला पाणी देतील आणि मला मुक्कामाला ठेवून सकाळी मानानं गाडीत बसवतील. मी ताट बाजूला सारलं.

"मी माझ्या मित्रांपुढं हिच्या बोलण्याला हसलो," मी सगळ्यांना सांगितलं. "भाषा डोंगरातली आहे म्हणालो. चुकलो."

ती दारात आली. हाताला पीठ होतं. ओटीवरच्या सगळ्यांकडं तिनं एकदा बघितलं, मग माझ्याकडं.

"ही समदी माझी मानसं हायेत," ती म्हणाली. "ह्यांनी कुठं ऐकलं व्हतं? ज्यांच्यापुढं बोललात, ती इथं न्हाईत."

आणि आत गेली. थोड्या वेळानं पाचवी भाकरी आली.

सकाळच्या एस.टी.नं मी एकटाच उतरलो. धरणाच्या भिंतीपाशी रेंज आली आणि फोन थरथरायला लागला. मंडळाच्या ग्रुपवर एकशे बारा मेसेज. माझ्यामागं दुसऱ्या सामन्यात ऑफसाइडवरूनच जुंपली होती. येडगाव जेवून निघून गेलं, निरगुडसर म्हणालं आम्ही न खेळता जिंकलो, उरलेल्यांनी अध्यक्षाला घेरलं. दुसऱ्या दिवशीचे सामने झालेच नाहीत. त्यानंतर ती स्पर्धा कुणी भरवली नाही आणि चषक कुणाचाच नसल्यामुळं मंडळाच्या कपाटातच राहिला. शेवटचा मेसेज अध्यक्षाचा होता. 'सर कुठं हायेत तुमी? निकाल लिहून द्यायचाय.'

मी तो तसाच ठेवला आणि पुण्याच्या मित्राला फोन लावला. एस.टी.त पुढं-मागं बाजाराला निघालेली माणसं. तो झोपेतून उठलेला.

"पुढच्या रविवारी आहुप्याला यायचंय," मी म्हणालो. "तुम्ही दोघांनीही."

"ट्रेक का?"

"नाही. आषाढात आमच्या घरी आला होतास, तेव्हा मी बायकोला बोललो होतो ना..."

"कधी? काय बोलला होतास?"

त्याला आठवतच नव्हतं. चहा आठवत होता, पिठलं आठवत होतं. ती कुठल्या शब्दावर थांबली, मी काय म्हणालो, ते दोघं हसले, यातलं त्याला काहीच आठवत नव्हतं. मग मला ते सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, भरल्या गाडीत, मोठ्यानं, कारण मधेच आवाज तुटत होता आणि तो पुन्हा पुन्हा 'काय? काय म्हणालास?' विचारत होता. समोरच्या बाकावरची म्हातारी माझ्याकडं वळून बसली आणि शेवटपर्यंत तिनं मान फिरवली नाही.

दोघं आले. तिनं त्यांना चहा दिला, मी त्यांच्यापुढं बोललो, ते ओशाळून खाली बघत बसले. तिनं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली. "भात निघू द्या, मंग येते."

भात निघायला महिना होता. तो महिनाभर मी दर रविवारी वर गेलो. पहिल्या रविवारी सासऱ्यांनी पाट मांडला. दुसऱ्या रविवारी मी सगळ्यांबरोबर खालीच बसलो. चौथ्या रविवारी त्यांनी मला काही न विचारता हातात विळा दिला आणि खाचराच्या पार टोकाला, तिच्या शेजारच्या ओळीला उभं केलं.